धोंडूला विचारलं का?

"माझा फासा टाकला नाही," त्रिशलाअक्का म्हणाली.

टेबलाभोवतीच्या बाकीच्या चौघांनी तिच्यापुढच्या पत्रकाकडं बघितलं. सम्मेद मगदूमनं बहिणीच्या पत्रकावरचे सगळे आकडे स्वतःच भरून टाकले होते. बाकीच्यांनी आपापल्या पात्रासाठी फासे टाकले होते, बळ किती, चपळाई किती, बुद्धी किती ते फाशांनी ठरवलं होतं. अक्काच्या पत्रकावर मात्र त्यानं पेन घेऊन सरळ लिहिलं, बुद्धी चार. आणि लिहिताना त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. सख्खा भाऊ बरं का! आईवडील गेल्यापासून अक्काचं सगळं करणारा, तिच्या औषधापाण्यात कधी कसूर न केलेला.

"अगं, तुझं सोपं करून दिलंय," तो म्हणाला.

"सगळ्यांनी टाकले. माझा नाही टाकला," अक्का म्हणाली. रागानं नव्हे. जे झालं ते सांगावं तसं.

कथाखेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांना थोडं सांगायला हवं. एक सूत्रधार असतो, तो गोष्ट उभी करतो. जंगल, गड, दरोडेखोर, जे काय असेल ते. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. जमेल की फसेल हे फासे सांगतात. इचलकरंजीत रेहाना मुजावरच्या फ्लॅटवर हा डाव दर रविवारी दुपारी बसायचा आणि मगदूम जैन, त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायला हवं म्हणून वेळेवर मोडायचा. रेहाना सूत्रधार, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. इंद्रजित आणि स्वरूपा हे नवराबायको, दोघांचं मिळून कापडाचं दुकान. सम्मेद कापडाचं डिझाइन करणारा. पाचवा भिडू जर्मनीला गेला आणि जागा रिकामी झाली. इतकी वर्षं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून डाव बघणारी अक्का म्हणाली, "मी बसते की." नाही कोण म्हणणार?

सम्मेदचं पात्र गावात गाजलेलं होतं. धोंडू हमाल, बुद्धी कमी. जीभ जरा बाहेर, हात सैल सोडलेले, आणि समोरच्याचे शेवटचे शब्द दोनदोनदा म्हणायचे. "धोंड्या, पाणी आण." "पाणी आण, पाणी आण." लोक हसून लोटपोट व्हायचे. कोल्हापूरच्या स्पर्धेत त्याला या धोंडूसाठी ढाल मिळाली होती. शब्द दोनदा म्हणायची लकब त्यानं कुठून उचलली हे त्या टेबलावर प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण अक्का त्याच खोलीत बसलेली असायची आणि तिला चहा देताना "गरम आहे हं" म्हटलं की "गरम आहे, गरम आहे" म्हणायची. याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळे हसले की अक्काही हसायची, आणि तिला हसताना बघून सगळ्यांना बरं वाटायचं. माणसाला बरं वाटायला किती थोडं लागतं, बघा.

"टाका, अक्का," रेहानानं तीन फासे तिच्यापुढं सरकवले. त्या टेबलावर अक्काला अहो-जाहो करणारी ती एकटीच.

अक्कानं फासे ओंजळीत घोळवले आणि टाकले. सहा, सहा, पाच.

"सतरा!" स्वरूपा ओरडली. "अय्या, अक्का, तू तर हुशार झालीस गं!"

मग रेहाना म्हणाली, चुकीचं झालंय तर सगळ्यांचंच परत टाकू या. तिनं सगळी पत्रकं फाडली. इंद्रजितला बळ अठरा आलं, स्वरूपाला चपळाई सोळा. सम्मेदची बुद्धी आली पाच.

"म्हणजे धोंडूच परत!" सम्मेद खूश झाला. "नशीब सोडत नाही राव आपल्याला."

"पण या वेळी पट्टी लागणार," रेहाना म्हणाली.

पट्टीचं प्रकरण असं. कमी बुद्धीच्या माणसांची टिंगल करणारी पात्रं बघून अशा माणसांच्या आईवडिलांनी कथाखेळाच्या महासंघाकडं तक्रारी केल्या. एकदोन नव्हे, ढीगभर. महासंघानं अशा संस्था जे करतात तेच केलं. माणसांनी एकमेकांशी कसं वागावं या प्रश्नाला त्यांनी यंत्राचं उत्तर काढलं. नुकताच नियम झाला की सातच्या खाली बुद्धी असलेलं पात्र घ्यायचं तर पट्टी बांधूनच खेळायचं. नक्कल बंद. जे पात्राला होतं ते तुम्हालाही होऊ दे.

"ही कशी चालते?" अक्कानं विचारलं. पट्टी तिनं हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. कपाळावर बसणारी, कापडी, आतून बटणांसारख्या चकत्या लावलेली.

इंद्रजित सांगायला लागला, "त्यात कानाला ऐकू न येणारे ध्वनी असतात, ते मेंदूच्या पुढच्या भागात..." आणि मध्येच थांबला. "जाऊ दे, अक्का. जादू आहे जादू."

"जादू नाही," रेहाना म्हणाली. "बघा अक्का, स्वयंपाकघरात ओटा असतो आणि फडताळ असतं. आपल्याला माहीत असलेलं सगळं फडताळात. पण काम करायचं तर भांडी ओट्यावर घ्यावी लागतात. कपाळाच्या मागं डोक्यात तसा एक ओटा आहे. एका वेळी चारपाच गोष्टी त्यावर मावतात. कुणी काय म्हटलं, त्याआधी काय म्हटलं, आता मी काय बोलणार. या चकत्यांमधून बारीक ध्वनीच्या लाटा जातात आणि तिथल्या पेशींचं काम मंदावतं. ओटा तात्पुरता लहान होतो. फडताळाला धक्का लागत नाही. सम्मेदला तुमचं नाव आठवेल, सायकल चालवता येईल, सगळे रागलोभ तसेच. फक्त एका वेळी एकदोनच भांडी मावतील. पट्टी काढली की थोड्या वेळात ओटा पुन्हा पहिल्यासारखा. मुळात फिट येणाऱ्या रुग्णांच्या उपचारासाठी शोधलेली गोष्ट आहे, खेळात नंतर आली."

अक्का बराच वेळ पट्टीकडं बघत राहिली. "माझा ओटा लहान आहे?"

सम्मेदचा हात चहाच्या कपावरच थांबला. स्वरूपानं नवऱ्याकडं बघितलं.

"हो," रेहाना म्हणाली. "लहान आहे."

"मग सावकाश करायचं," अक्का म्हणाली आणि पट्टी भावाला देऊन टाकली.

इंद्रजितला वेगळीच अडचण होती. तो सम्मेदच्या कानाशी लागला, पण त्याचा आवाजच मोठा. "ते ठीक आहे भावा, पण अक्काचं पात्र सतरा बुद्धीचं. राज्याचा अमात्य. ते कसं जमायचं?"

"तुझ्या पात्राचं बळ अठरा," रेहाना म्हणाली. "इतक्या वर्षांत तुला कुणी म्हैस उचलून दाखव म्हटलंय?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. अमात्याला जे ठाऊक असणार ते मला ठाऊक आहे. अक्का विचारतील, मी सांगेन. कितीही वेळा विचारलं तरी सांगेन. ठरवायचं मात्र त्यांनी."

डाव पुढच्या रविवारी बसायचा ठरला. निघताना सम्मेद रेहानाला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "अक्काचा तो पहिला आणि शेवटचाच डाव असणार बघ. त्यानंतरच्या शुक्रवारी तिला घेऊन जातायत."

रेहानाला अर्धं ठाऊक होतं. सम्मेदला कंपनीनं तिरुपूरची मोठी जागा देऊ केली होती, डिझाइन विभागाचा प्रमुख. त्यानं होकार कळवला होता. अक्कासाठी हातकणंगल्याच्या पुढं एक निवासगृह बघितलं होतं. स्वच्छ, झाडं लावलेलं, डॉक्टर येऊन जाणारे. दोनदा जाऊन आला होता.

"अक्का काय म्हणाल्या?"

"तिला सांगितलंय, थोडे दिवस मज्जा करायला जायचंय म्हणून. एकदा तिथं रुळली की झालं." "थोडे दिवस?" रेहानानं विचारलं, तसा तो चिडला. "मग काय सांगू? काय समजणार आहे तिला तिरुपूर नि बदली? उगीच रडारड. तुला बोलायला काय जातं, घरात मी बघतो."

आणि ते खोटं नव्हतं. बघत तोच होता. लग्न त्यानं केलं नाही, दोन चांगल्या नोकऱ्या सोडल्या, कधी कुणापुढं त्याचं गाऱ्हाणं गायलं नाही. अडतिसाव्या वर्षी माणसाला एकदा तरी स्वतःचं काही हवंसं वाटलं तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? रेहानानंही पुढं ताणलं नाही ते म्हणूनच.

रविवारी दुपारी सम्मेदनं पट्टी बांधली. रेहानानं पट्टीच्या बाजूचं बटण पाचावर फिरवलं.

आधी काहीच झालं नाही. मग रेहानानं गोष्ट उभी केली. नदीला पूर आहे. पलीकडं गड आहे. गडावर राजपुत्र कैदेत आहे. उजाडायच्या आत पोचायचंय. सम्मेदनं नदी धरली. गड धरला. राजपुत्र आला तेव्हा नदी सुटली. नदी परत पकडायला गेला तर सगळे पुढं कुठंतरी निघून गेले होते.

त्यानं हसवायचं ठरवून ठेवलं होतं. धोंडूचा आवाज काढायला तोंड उघडलं आणि आवाज येईना. नक्कल करायची म्हणजे आपण काय बोलतोय ते धरायचं, ते कसं दिसतंय ते धरायचं, लोक हसतायत का तेही बघायचं. एवढं ठेवायला जागाच नव्हती. जीभ बाहेर काढायचं लक्षात राहिलं तर बोलायचं विसरायचं. त्यानं तो नाद सोडला आणि नुसतं ऐकायला लागला, जीव तोडून.

"धोंड्या, दोर उचल," इंद्रजित म्हणाला.

"दोर उचल," सम्मेद म्हणाला. "दोर उचल, दोर उचल."

इंद्रजित खो खो हसला. "आला! आपला धोंड्या आला!"

सम्मेदला कळेना हा का हसतोय. त्यानं तो शब्द घट्ट धरून ठेवला होता. म्हटला नसता तर निसटला असता. एवढंच होतं त्यात.

मग इंद्रजित आणि स्वरूपा आपसात बोलायला लागले. भराभर. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं. सम्मेदला त्यातून तुकडे ऐकू आले, तट, पहारेकरी, आवाज, देऊळ. मग आवाज खाली गेले. मग त्यात धोंडूचं नाव आलं. नाव आलं तसा तो सावध झाला. नाव का आलं? आपण काही केलं? स्वरूपानं त्याच्याकडं वळून बघितलं आणि तिचा चेहरा एकदम गोड झाला.

"धोंडू, तू की नई, या देवळात थांब हं. छान देऊळ आहे. मज्जा येईल तुला."

त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. का ते सांगता आलं नसतं. सगळे जाणार होते एवढं कळलं होतं, आणि काहीतरी सांगायचं राहिलं होतं, तेही कळलं होतं.

"मी येतो."

"हो हो, येशील. नंतर."

"मी दोर..." त्याला म्हणायचं होतं की दोर माझ्याकडं आहे, तुम्हाला तट चढायला दोर लागणार. अर्ध्यात ते वाक्य हातातून गेलं. तो तोंड उघडं ठेवून ते शोधत राहिला.

"चला, धोंडू देवळात राहिला," इंद्रजित म्हणाला. "आम्ही दोघं नदीत उतरतो. टाकू फासा?"

"थांबा," अक्का म्हणाली. "तो बोलतोय."

इंद्रजितनं फासे खाली ठेवले. खोलीत शांतता झाली. अशी शांतता कुणाला सोसत नाही. स्वरूपानं बांगड्या मागंपुढं केल्या. इंद्रजितनं घसा खाकरला. सम्मेदकडं सगळे बघत होते आणि बघत होते म्हणून त्याला काहीच सापडेना.

"सावकाश," अक्का म्हणाली. ती त्याच्याकडं बघत नव्हती. टेबलावरच्या शेंगांच्या वाटीतून एकेक शेंग घेऊन सोलत बसली होती, जणू काही कुठं जायचंच नाहीये. सम्मेदला त्यानं जरा मोकळं वाटलं.

शेवटी तो म्हणाला, "मला एकट्याला भीती वाटते."

बस. शहाणपणाचं काही नाही, दोराचंही नाही. दोर त्याला सापडलाच नाही.

"अहो अमात्य," इंद्रजित म्हणाला, आता त्याच्या आवाजात खरोखरचा त्रागा होता, "भीती वाटते ते कबूल. पण तटावर यानं जरा आवाज केला तर सगळे मरू. राजपुत्रही मरेल. त्याच्या भल्यासाठीच ठेवतोय की."

अक्का रेहानाकडं वळली. "त्याला गुपचूप चालता येतं?"

"सांगितलं तर येतं," रेहाना म्हणाली. "पण चुकूही शकतो."

"त्याला सांगितलं तर कळतं?"

"सावकाश सांगितलं तर कळतं."

"त्याला विचारलं का?"

"नाही."

अक्कानं शेंग खाल्ली. सगळे थांबले होते. "मग विचारा," ती म्हणाली. "मज्जा येईल, असं नको. खरं सांगा. वर लोक आहेत, आवाज केला तर मारतील, असं सांगा. मग तो सांगेल."

इंद्रजितला सांगावं लागलं. एका वेळी एक गोष्ट. पहिल्यांदा फार भराभर सांगितलं, रेहानानं परत सांगायला लावलं. सम्मेदनं सगळं ऐकलं. वर माणसं आहेत. आवाज करायचा नाही. केला तर मारतील. मला पण मारतील. "येतो," तो म्हणाला.

आणि कथा असती तर धोंडूनंच राजपुत्राला सोडवला असता. फाशांना असली दयामाया नसते. तटावर धोंडूच्या हातून दोर सुटला, खाली पातेल्यांच्या उतरंडीवर पडला, पहारेकरी जागे झाले, आणि अमात्यासकट सगळे पकडले गेले. त्या दिवशीचा डाव तुरुंगात संपला.

"बघितलंस?" इंद्रजित म्हणाला. "म्हणत होतो की नाही?"

"होतं असं," अक्का म्हणाली. "पण सगळे एकत्र आहेत."

इंद्रजितला यावर काहीतरी बोलायचं होतं. त्यानं अक्काकडं बघितलं, वाटीतल्या उरलेल्या शेंगा तिच्याकडं सरकवल्या आणि म्हणाला, "घ्या, अमात्य. तुरुंगात एवढंच मिळायचं."

रेहानानं सम्मेदची पट्टी सोडली. थोड्या वेळानं एकेक करून सगळं परत आलं. नदी, गड, दोराबद्दलचं ते अख्खं वाक्य. स्वरूपा म्हणाली, "काय अभिनय केलास रे आज! काटा आला." तो पट्टी गुंडाळत राहिला. पट्टीनं आठवणीला हात लावलेला नव्हता. स्वरूपाचा तो गोड झालेला चेहरा त्याला लख्ख आठवत होता, आणि मज्जा येईल हे शब्द. तेच शब्द, तसाच सूर. तो स्वतः आरशासमोर उभा राहून बोलला असता तर असाच दिसला असता.

जिन्यात रेहानानं त्याला गाठलं. "जास्त झालं का?"

"आता कळलं मला, तिला कसं वाटतं ते," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"नाही कळलं," रेहाना म्हणाली. ती असंच तोंडावर बोलायची. "तू दुपारभर लहान ओटा घेऊन बसलास आणि भेदरलास. अक्कांनी चव्वेचाळीस वर्षं त्यावर संसार केलाय. त्यांना काय वाटतं ते त्यांनाच ठाऊक. पट्टी बांधून नाही कळायचं ते."

घरी पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. सम्मेदनं भाकरी-आमटी वाढली. अक्का जेवायला लागली, तसा तो म्हणाला, "अक्का, मला एक खरं सांगायचंय."

"सांग की."

"शुक्रवारी एका घरात मज्जा करायला जायचंय म्हटलं होतं ना मी. ते खोटं होतं. मला तिरुपूरला नोकरी लागलीय. लांब आहे." तो थांबला. ती खात होती. "तू त्या घरात राहायचंस असं मी ठरवलं. थोडे दिवस नाही. कायम. तुला न विचारता ठरवलं."

अक्काचा घास हातातच राहिला. ती रडेल म्हणून त्यानं मन घट्ट केलं. ती रडली नाही. तिनं तो घास खाल्ला, पुढचा खाल्ला, पाणी प्यायली. सम्मेदच्या तोंडात चार वेळा शब्द आले, तुला आवडेल, तिथं झाडं आहेत, मी येत जाईन. चारही वेळा त्यानं ते गिळले. आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नव्हतं.

"कायम," अक्का म्हणाली. "कायम." आणि मग, "तिथं माझं काम आहे?"

अक्का स्टेशनरोडच्या एका कार्यशाळेत कापडी पिशव्यांना नाड्या ओवायला जायची. "नाही. तिथं काम नाही."

"दाराला आतून कडी आहे?"

सम्मेदनं आठवून बघितलं. दोनदा गेला होता. पाण्याची टाकी बघितली, औषधांचं कपाट बघितलं, जिन्याला कठडा आहे का ते बघितलं. दार बघितलं नव्हतं.

"माहीत नाही, अक्का."

"मग बघू या."

सोमवारी त्यानं रजा टाकली. दोघं एसटीनं गेले. निवासगृहाचे व्यवस्थापक सम्मेदशी बोलत होते, त्याच्यासाठी खुर्ची आणली, त्याच्यासाठी चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता. अक्का त्यांच्यामागून खोलीत गेली आणि दार लावून बघितलं. आतून नुसती मूठ होती. कडी बाहेरून.

"सुरक्षिततेसाठी असतं ते," व्यवस्थापक सम्मेदला म्हणाले. "सुरुवातीला थोडं जड जातं. मग विसरतात."

"तिला सांगा," सम्मेद म्हणाला.

"आं?"

"तिला राहायचंय. तिला सांगा."

व्यवस्थापकांनी अक्काकडं बघितलं, हसले, आणि त्यांचा आवाज साखरेसारखा झाला. "अक्का, इथं किनई खूप मज्जा असते."

"कडी बाहेर आहे," अक्का म्हणाली. "मी इथं राहणार नाही."

सम्मेदनं हात जोडले आणि म्हणाला, "नाही म्हणाली ती. शुक्रवारी गाडी पाठवू नका."

रस्त्यावरच्या बसथांब्याच्या बाकड्यावर दोघं येऊन बसले. तिरुपूर गेलं. जाऊ दे. मनातल्या मनात सम्मेदनं ते सोडूनही दिलं होतं, आणि सोडल्यावर त्याला स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं होतं. अशा वेळी माणसाला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटतं. त्यानं अक्काचा हात हातात घेतला.

"मी जात नाही तिरुपूरला, अक्का. आज कळवून टाकतो. आपण दोघं इथंच राहायचं. पहिल्यासारखं."

अक्का विचारात पडली. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. "तू जा की," ती म्हणाली. "तुला कुणी अडवलंय?"

"आणि तू?"

"मला मालनकडं राहायचंय."

"कोण मालन?"

"माझी मैत्रीण. कामावरची."

अक्काला मैत्रीण आहे हे सम्मेदला ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं तो तिला कार्यशाळेच्या फाटकाशी सोडत होता. "ती... कुठं राहते?"

"कामाच्या मागं. दोन खोल्या आहेत. तिचा पाय दुखतो, पाणी मी भरते. हिशोब ती करते. ती ये म्हणाली."

"कधी म्हणाली?"

"लई दिवस झाले."

सम्मेदला हसावं की रडावं कळेना. जन्मभर जिच्यासाठी आपण सगळं सोडलं तिला आपण सोडलेलं हवंच नव्हतं की काय? राग आला, लाज वाटली, आणि खोल कुठंतरी पोरकं झाल्यासारखंही वाटलं. "अगं, मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," अक्का म्हणाली. "तू हो हो म्हणालास."

त्याला ते आठवलं नाही. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. चहा पिताना म्हणाली असेल, तो बूट घालत असताना म्हणाली असेल, मालन म्हणून थांबली असेल, पुढचं वाक्य शोधत असेल, आणि तो हो हो म्हणून बाहेर पडला असेल. एकदा झालं असेल की शंभरदा, देवाला ठाऊक.

"परत सांग," तो म्हणाला.

अक्का सांगायला लागली. मालनच्या पायापासून सुरुवात झाली, मग मध्ये मांजर आलं, मग ती थांबली, मग पुन्हा पायाकडं आली. इचलकरंजीची गाडी आली, कंडक्टरनं "येताय का?" म्हणून विचारलं. सम्मेदनं हातानंच नाही म्हटलं, आणि गाडी गेली. अक्काचं सांगून झालं नव्हतं.